स्थायू, द्रव, वायू पहिल्यापासून शिकताय? मग सिरिंजपासून सुरुवात करा

हा विषय सोपा वाटतो म्हणून बहुतेक जण तीन ओळींचा तक्ता पाठ करतात आणि पुढे निघून जातात. स्थायूला ठराविक आकार असतो आणि आकारमानही असतं, द्रवाला आकार नसतो पण आकारमान असतं, वायूला दोन्ही नसतं, झालं. परीक्षेत तेवढ्यावर मार्क मिळतातही. पण मग कोणी विचारलं की वाळू ओतता येते तर ती द्रव का नाही, बर्फ पाण्यावर तरंगतो कसा, बर्फाखाली सतत आच असूनही थर्मामीटर शून्यावरच का अडकून बसतो, की तक्ता काही मदत करत नाही. मला हा विषय मनापासून आवडतो आणि इतक्या वेळा शिकवून झाल्यावर माझं ठाम मत झालंय की आधी हाताने करून बघावं, मग डोळ्यासमोर चित्र आणावं आणि व्याख्या सगळ्यात शेवटी. म्हणून खाली त्याच क्रमाने लिहितोय.

लागणारं सामान फार नाही. २० मिलीची प्लॅस्टिकची सिरिंज, सुई नको. एक पारदर्शक ग्लास, थोडा बर्फ, शाईची बाटली, मेणबत्त्या, ० ते १०० अंश दाखवणारा थर्मामीटर (तापाचा चालणार नाही, तो ३५ ते ४२ च्या आसपासच मोजतो), १ ग्रॅमपर्यंत वजन दाखवणारा काटा, आणि मिळाला तर फुटबॉल आणि पंप.

पायरी १: दोन शब्दांच्या जोड्या नीट वेगळ्या करा

मराठीतून शिकणाऱ्यांची अर्धी गडबड इथेच होते. आकार म्हणजे वस्तू दिसते कशी, गोल, चौकोनी, लांबट. आकारमान म्हणजे ती जागा किती व्यापते, म्हणजे किती मिली, किती लिटर. शब्द इतके सारखे आहेत की घाईत वाचताना एकाच्या जागी दुसरा वाचला जातो आणि मग सगळा तक्ताच उलटा होतो. १०० मिली पाणी उभ्या बाटलीतून पसरट ताटलीत ओतलं तर आकार बदलला, आकारमान १०० मिलीच राहिलं, एवढं एक वाक्य लक्षात ठेवलं तरी काम होतं.

दुसरी जोडी वितळणे आणि विरघळणे. बर्फ वितळतो, मीठ पाण्यात विरघळतं. वितळायला दुसरा पदार्थ लागत नाही, एकाच पदार्थाची अवस्था बदलते. मिठाला एकटं वितळवायचं तर जवळपास ८०० अंश सेल्सिअस तापमान लागतं, पण पाण्यात टाकलं की साध्या तापमानालाच दिसेनासं होतं, म्हणजे हे दोन पूर्ण वेगळे प्रकार झाले. बोलताना आपण सगळे "साखर वितळली" म्हणून जातो, अभ्यास करताना मात्र तेवढं सांभाळा.

पायरी २: सिरिंज, तीन वेळा

पहिल्यांदा सिरिंजमध्ये २० मिलीपर्यंत हवा ओढा, पुढचं तोंड अंगठ्याने घट्ट बंद करा आणि दट्ट्या दाबा. दट्ट्या आत जातो, अगदी १० मिलीच्या खुणेपर्यंतही जातो, आणि जितका आत जाईल तितका हाताला जास्त जोर लावावा लागतो. आता हात सोडा. दट्ट्या आपोआप मागे येतो. आत काहीतरी होतं जे दाबलं गेलं आणि त्याने परत ढकललं, हे बोटांना कळतं. रॉबर्ट बॉइलने १६६२ मध्ये हाच नियम आकड्यांत मांडला, तापमान तेच ठेवून वायूचं आकारमान निम्मं केलं की दाब दुप्पट होतो.

दुसऱ्यांदा पाणी भरा. सिरिंज उभी धरून टिचक्या मारा म्हणजे बुडबुडे वर जमतील, ते बाहेर काढा, एकही राहू देऊ नका कारण एवढासा बुडबुडा राहिला तरी दट्ट्या थोडा हलतो आणि तुम्हाला वाटतं पाणी दाबलं गेलं. मग तोंड बंद करून पूर्ण जोराने दाबा. दट्ट्या जागचा हलत नाही. पाणी अजिबातच दबत नाही असं नाही, पण त्याचं आकारमान फक्त १ टक्क्याने कमी करायला वातावरणाच्या २०० पटींहून जास्त दाब लागतो, ते हाताने होणार नाही. गाडीचे ब्रेक यावरच चालतात, पेडलवर दिलेला दाब तेलातून तसाच्या तसा चाकापर्यंत जातो, आणि त्या तेलाच्या नळीत हवा शिरली की पेडल मऊ लागतं आणि ब्रेक धड लागत नाही. बुडबुडा राहिलेल्या सिरिंजमध्ये तुम्ही तेच बघितलंत.

तिसऱ्यांदा दट्ट्या बाहेर काढून आत एक छोटा खडा टाका, परत दट्ट्या बसवा. दट्ट्या खड्याला टेकतो आणि थांबतो. खडा दबतही नाही आणि सिरिंजच्या आकाराप्रमाणे पसरतही नाही. पाणी दबत नव्हतं पण सिरिंजचा आकार मुकाट घेत होतं. दबण्याच्या बाबतीत द्रव आणि स्थायू एका बाजूला, वायू दुसऱ्या बाजूला. वाहण्याच्या बाबतीत द्रव आणि वायू एका बाजूला, स्थायू दुसऱ्या बाजूला. पाठ केलेल्या तक्त्यापेक्षा ही विभागणी जास्त कामाची आहे.

पायरी ३: आता रेणूंचं चित्र

प्रत्येक पदार्थात दोन गोष्टींची सतत झुंज चालू असते. एक म्हणजे कणांची एकमेकांना असलेली ओढ, दुसरी म्हणजे त्यांची धडपड, जी तापमान वाढलं की वाढते. ओढ भारी पडली की कण आपापल्या जागी बसून नुसते थरथरतात, तो स्थायू. धडपड थोडी वाढली की कण एकमेकांना चिकटून राहतात पण जागा सोडून सरकायला लागतात, तो द्रव. धडपड इतकी वाढली की ओढीला दादच मिळत नाही, कण सुटतात आणि मिळेल तेवढी जागा भरून टाकतात, तो वायू.

इथे एक चूक मी खूप वह्यांमध्ये बघतो. स्थायूचं चित्र काढताना गोळे चिकटून, वायूचं काढताना लांब लांब, आणि द्रवाचं काढताना मधलं अंतर, म्हणजे बऱ्यापैकी सुटे गोळे. हे चुकीचं आहे. द्रवातले कणही जवळपास चिकटलेलेच असतात, फक्त त्यांची रांग मोडलेली असते, आणि म्हणूनच सिरिंजमधलं पाणी दबलं नाही. खरी मोठी उडी द्रव ते वायू या टप्प्यावर आहे. १ मिली पाण्याची १०० अंशाला वाफ झाली तर ती साधारण १.७ लिटर जागा घेते, म्हणजे जवळपास १७०० पट. या १७०० चं घनमूळ काढा, १२ च्या आसपास येतं. म्हणजे वाफेतले रेणू पाण्यातल्यापेक्षा सरासरी १२ पट लांब गेलेत. पुढच्या वेळी चित्र काढाल तेव्हा वायूचे गोळे एवढे लांब काढा, वहीच्या एका पानात चार-पाचच मावतील.

कण खरंच हलतात याचा पुरावा हवा असेल तर दोन ग्लास घ्या, एकात थंड आणि एकात गरम पाणी, पाणी पूर्ण शांत झालं की दोन्हीत शाईचा एक एक थेंब सोडा आणि अजिबात ढवळू नका. गरम पाण्यात रंग पटकन पसरतो, थंड पाण्यात कितीतरी वेळ धाग्यासारखा लोंबत राहतो. रॉबर्ट ब्राउन नावाच्या वनस्पतीशास्त्रज्ञाने १८२७ मध्ये मायक्रोस्कोपखाली पाण्यातले परागकणांमधले बारीक कण कोणी हलवत नसताना इकडेतिकडे नाचताना बघितले होते, पण कारण कळत नव्हतं. १९०५ मध्ये आईनस्टाईनने हिशोब मांडला की पाण्याचे न दिसणारे रेणू सगळीकडून धडका देतात म्हणून तो कण नाचतो, आणि नंतर जाँ पेराँने प्रत्यक्ष मोजमापं करून तो हिशोब बरोबर असल्याचं दाखवलं, त्याला १९२६ चं नोबेल मिळालं. रेणू खरे आहेत हे एवढ्या उशिरा पक्कं झालं, याचं मला अजूनही नवल वाटतं.

पायरी ४: हवेला वजन असतं, ते काट्यावर बघा

नवीन शिकणाऱ्याला सगळ्यात अवघड जाते ती ही गोष्ट. "बाटली रिकामी आहे" असं आपण म्हणतो तेव्हा ती हवेने भरलेली असते. साध्या तापमानाला १ लिटर हवेचं वस्तुमान साधारण १.२ ग्रॅम असतं. ऐकायला काहीच नाही, पण ४ मीटर लांब, ३ मीटर रुंद आणि ३ मीटर उंच खोली घेतली तर आतली हवा ४० किलोच्या वर जाते.

हे मोजायला बरेच जण फुगा घेतात आणि काट्यावर फरक जवळजवळ दिसत नाही म्हणून निराश होतात. कारण असं आहे की फुगा फुगला की तो बाहेरची तेवढीच हवा बाजूला सारतो, ती हवा त्याला वर उचलते आणि आत भरलेल्या हवेचं वजन बहुतेक सगळं तिथेच कटतं. म्हणून फुटबॉल घ्या. आधी त्यात फक्त गोल आकार येण्याइतकी हवा भरून वजन करा, मग पंपाने टणक होईस्तोवर भरा आणि परत करा. बॉलचं आकारमान जवळपास तेच राहिलं, आत हवा मात्र जास्त कोंबली, त्यामुळे काट्यावर ३-४ ग्रॅमची वाढ दिसायला पाहिजे. हे दिसलं की वायू म्हणजे "काहीच नाही" ही समजूत जाते ती कायमची.

पायरी ५: थर्मामीटर लावून बर्फ वितळवा

एकच प्रयोग करायला वेळ असेल तर हा करा. भांड्यात कुटलेला बर्फ आणि अगदी थोडं पाणी घ्या, थर्मामीटर बुडवा, भांडं मंद आचेवर ठेवा आणि दर मिनिटाला ढवळून आकडा लिहून ठेवा. ढवळणं महत्त्वाचं, नाहीतर तळाला गरम आणि वर थंड असं होऊन आकडे चुकतात.

आकडा शून्याजवळ येतो आणि तिथेच थांबतो (थर्मामीटर स्वस्तातला असेल तर एखाद्या अंशाचा फरक पडेल). खाली आच चालू आहे, बर्फ कमी होतोय, आकडा मात्र हलत नाही. शेवटचा तुकडा संपला की मग सरसर चढायला लागतो. मग १०० च्या आसपास परत थांबतो, पाणी खळाखळा उकळतंय, आच कितीही मोठी केली तरी आकडा पुढे जात नाही, फक्त पाणी लवकर आटतं.

मग एवढी उष्णता गेली कुठे? ओढ मोडण्यात. तापमान म्हणजे कणांची धडपड, आणि या दोन टप्प्यांवर दिलेली उष्णता धडपड वाढवायला न वापरता कणांना एकमेकांपासून सोडवायला वापरली जाते. तिला अप्रकट उष्मा म्हणतात, आणि नाव छान आहे कारण ती थर्मामीटरवर प्रकट होतच नाही. १ ग्रॅम बर्फाचं शून्य अंशाच्या पाण्यात रूपांतर करायला ३३४ ज्यूल लागतात. तेवढ्याच उष्णतेत तेच १ ग्रॅम पाणी शून्यावरून ८० अंशापर्यंत तापलं असतं. आणि १०० अंशाच्या १ ग्रॅम पाण्याची वाफ करायला तब्बल २२५७ ज्यूल, पाणी शून्यापासून शंभरपर्यंत तापवायला लागतात त्याच्या पाचपटीहून जास्त. पायरी ३ मधली ती १२ पट लांब जायची उडी आठवा, किंमत तिची आहे. वाफेने भाजलं की उकळत्या पाण्यापेक्षा जास्त भाजतं ते यामुळेच, वाफेचं त्वचेवर पाणी होताना ती सगळी उष्णता परत बाहेर पडते. म्हणून प्रयोग करताना भांड्यावर हात किंवा चेहरा आणू नका, लहान मुलं असतील तर मोठ्या माणसाने सोबत थांबा.

पाणी उकळतंय तोवर अजून एक बघून घ्या. किटलीच्या तोंडातून पांढरा लोट येतो त्याला आपण सगळे वाफ म्हणतो. नीट बघा, तोंडाच्या अगदी जवळ एक-दोन सेंटीमीटर काहीच दिसत नाही, पांढरं त्याच्या पुढे सुरू होतं. खरी वाफ ती, जी दिसत नाही. पांढरं दिसतं ते थंड हवेत आल्यावर झालेले पाण्याचे बारीक थेंब, म्हणजे द्रव. ढग आणि धुकंही तसंच.

पायरी ६: बर्फ आणि मेण शेजारी ठेवून बघा

बर्फ तरंगतो हे इतक्या लहानपणापासून बघतो की ते विचित्र आहे हे लक्षातच येत नाही. मेणबत्तीचे तुकडे एका डब्यात घालून डबा गरम पाण्यात ठेवा, मेण वितळलं की त्यात घट्ट मेणाचा तुकडा टाका. तो बुडतो. बहुतेक पदार्थांचं असंच असतं, स्थायू झाले की कण जास्त जवळ येतात, घनता वाढते. तेच मेण डब्यात गार होऊ द्या, मधोमध खळगा पडलेला दिसेल, कारण गोठताना ते आक्रसलं.

पाणी उलटं वागतं. गोठताना त्याचे रेणू एकमेकांना विशिष्ट कोनात धरून जाळी बांधतात आणि त्या जाळीत मोकळी जागा राहते. त्यामुळे आकारमान साधारण ९ टक्के वाढतं आणि बर्फाची घनता दर मिलीला ०.९१७ ग्रॅम होते. पाण्याने काठोकाठ भरलेली काचेची बाटली फ्रीजरमध्ये कधीच ठेवू नका, माझी एक अशीच तडकली आणि सगळे कप्पे काचेच्या तुकड्यांतून साफ करावे लागले. पाणी सगळ्यात दाट असतं ४ अंशाला. म्हणून तळं गोठतं ते वरून, खालचं पाणी ४ अंशाच्या आसपास राहतं आणि मासे जगतात.

पायरी ७: कोमट पाणी उकळवा

६० ते ६५ अंशांचं ५ मिली पाणी सिरिंजमध्ये घ्या, हवा काढून टाका, तोंड रबरी टोपीने बंद करा (पाणी गरम आहे, अंगठा नको) आणि दट्ट्या जोरात मागे ओढून धरा. पाण्यात बुडबुडे येतात. सुरुवातीचे थोडे विरघळलेल्या हवेचे असतात, पण ओढून धरलंत तर पाणी खरंच उकळताना दिसतं, कुठेही आच न लावता. दट्ट्या सोडा, थांबलं.

म्हणजे उकळणं हे फक्त तापमानाचं काम नाही, बाहेरच्या दाबाचंही आहे. आतून तयार होणाऱ्या वाफेचा दाब बाहेरच्या दाबाइतका झाला की बुडबुडे टिकतात आणि पाणी उकळतं. म्हणून एव्हरेस्टच्या माथ्यावर, ८,८४९ मीटरवर, पाणी ७० अंशांच्या आसपासच उकळेल, आणि प्रेशर कुकरमध्ये दाब वाढवल्यामुळे १२० अंशांजवळ जातं. त्यामुळे "पाणी १०० अंशाला उकळतं" या वाक्यापुढे "समुद्रसपाटीच्या दाबाला" हे शब्द जोडायची सवय आत्तापासूनच लावून घ्या.

बाष्पीभवन वेगळं. ते कोणत्याही तापमानाला, फक्त पृष्ठभागावरून होतं, जे रेणू जास्त वेगात असतात ते निसटतात आणि मागे राहिलेला द्रव थंड होतो. हातावर स्पिरिटचा थेंब टाकला की गार लागतं ते हेच. काही पदार्थ तर द्रव न होता थेट वायू होतात, कोरडा बर्फ म्हणजे गोठलेला कार्बन डायऑक्साइड उणे ७८.५ अंशाला असाच उडून जातो, त्याला संप्लवन म्हणतात.

पायरी ८: अडचणीच्या वस्तू घ्या

इथपर्यंत आलात की कोणती वस्तू कशात बसते हे स्वतः ठरवून बघा. एक आधी सांगतो, "लोखंड स्थायू, नायट्रोजन वायू" हे सगळं आपल्या खोलीच्या तापमानापुरतं खरं आहे. लोखंड १५३८ अंशाला वितळतं, नायट्रोजन उणे १९६ ला द्रव होतो, पारा उणे ३९ ला गोठतो, आणि गॅलियम नावाचा धातू २९.८ अंशालाच वितळतो, म्हणजे तळहातावर ठेवला तर हळूहळू पाणी झाल्यासारखा दिसतो.

वाळू ओतता येते, भांड्याचा आकार घेते. पण जमिनीवर ओता, ढीग होतो. द्रवाचा ढीग होत नाही, तो सपाट होईस्तोवर पसरत राहतो. एक कण उचलून बघा, त्याला स्वतःचा आकार आहे, म्हणजे वाळू हा खूप छोट्या स्थायूंचा ढीग. स्पंज दबतो कारण त्याच्या भोकांमधली हवा बाहेर जाते, स्पंजचा पदार्थ स्वतः तसाच राहतो. धूर म्हणजे वायूत तरंगणारे मुख्यतः स्थायूचे बारीक कण, फेस म्हणजे द्रवात अडकलेला वायू, त्यामुळे यांना एका खणात कोंबायचा हट्ट धरू नका, मिश्रण आहे असं सरळ लिहा. टूथपेस्ट दाबल्याशिवाय वाहत नाही आणि दाबली की वाहते, ती या तीन खणांच्या मधली आहे. प्रकाश, उष्णता, आवाज हे पदार्थच नाहीत, त्यांना या तक्त्यात जागा नाही.

काच स्थायू आहे, पण तिच्या कणांची मिठासारखी नीट रांग नसते, त्यामुळे तिला ठराविक द्रवणांक, म्हणजे वितळण्याचं ठराविक तापमान, नाही, तापवली की ती हळूहळू मऊ होत जाते. जुन्या इमारतींच्या काचा खाली जाड असतात कारण काच शतकानुशतकं वाहते, असं बऱ्याच ठिकाणी वाचायला मिळतं, ते खरं नाही. पूर्वी काचा बनवण्याची पद्धतच अशी होती की जाडी एकसारखी यायची नाही.

पिचचं मात्र उलटं आहे. हा डांबरासारखा काळा पदार्थ, हातोडी मारली तर काचेसारखा तडकतो, कोणीही स्थायूच म्हणेल. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड विद्यापीठात १९२७ मध्ये तो गरम करून एका नरसाळ्यात ओतला, तीन वर्षं बसू दिला आणि १९३० मध्ये नरसाळ्याचं खालचं तोंड कापून ठेवून दिला. तेव्हापासून २०१४ पर्यंत त्यातून नऊ थेंब पडले, आणि दहावा त्याच नरसाळ्याखाली तयार होतोय.